दाढ दुखतेय की नस? ठिसूळ हाडांच्या रुग्णांना चेहऱ्याच्या कळांवर उपचार जपून का घ्यावे लागतात

२०११ मध्ये सलमान खान उपचारांसाठी अमेरिकेला गेला, तेव्हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे अवघड नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचलं. कपाळ, गाल आणि जबड्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस बिघडली, की चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. दात घासणं, भाकरीचा घास चावणं, गाडीवर तोंडाला लागणारा वारा, एवढंही तिला पुरतं.

हाच त्रास ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा असलेल्या माणसाला झाला तर? हा उतारवयात हाडं विरळ होण्याचा आजार नव्हे. यात हाडांना चिवटपणा देणारं कोलॅजेन जन्मापासूनच कमी किंवा सदोष असतं. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. साध्या धक्क्यानेही हाड मोडतं. काहींचे दातही ठिसूळ आणि करड्या-पिवळट रंगाचे असतात.

घोटाळा इथूनच सुरू होतो. दात आधीच खराब, त्यात जबड्यात कळ. मग दाढ काढली जाते. कळ मात्र तशीच राहते, कारण दुखणं दाढेचं नसतंच. शिवाय यातल्या अनेकांना हाडं बळकट करण्यासाठी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं दिलेली असतात. त्यांच्यात दात काढल्यावर जबड्याची जखम न भरण्याचा धोका थोडा का होईना, विचारात घ्यावा लागतो.

एरवी मेंदूजवळची एखादी रक्तवाहिनी नसेला घासत राहते आणि त्यामुळे कळा येतात. ठिसूळ हाडांत आणखी एक कारण असू शकतं. कवटीचा तळ मऊ असल्यामुळे डोक्याच्या भाराने तो हळूहळू आत दबतो आणि मानेच्या मणक्याचं टोक वर सरकून मेंदूच्या देठाला रेटतं. याला बॅसिलर इनव्हॅजिनेशन म्हणतात. चेहऱ्याच्या कळांसोबत खोकल्यावर डोक्यामागे दुखणं, गिळताना अडकणं, तोल जाणं, हातांना मुंग्या येणं यांपैकी काही असेल, तर तपासणी लांबवू नये. मेंदू आणि मानेचा एमआरआय, हाडांसाठी सीटी स्कॅन, यातून खरं कारण कळतं.

आणि एक गोष्ट कोल्हापुरात मुद्दाम सांगायला हवी. तालमींच्या या गावात लचक भरली, मान धरली की वस्तादाकडे जाऊन चोळून घेण्याची जुनी रीत आहे. पैलवानाला ते मानवत असेल. या रुग्णांच्या मानेला झटका देणं म्हणजे जिवाशी खेळ.

औषधांत पहिलं नाव कार्बामाझेपिनचं. साध्या वेदनाशामक गोळ्या या कळांवर फारशा चालत नाहीत, हे औषध मात्र बहुतेकांना आराम देतं. पण त्याने झोप येते, गरगरतं. इतरांसाठी ही किरकोळ तक्रार. इथे एकदा तोल गेला की मांडीचं हाड मोडू शकतं. म्हणून डोस अगदी कमी ठेवून सावकाश वाढवायचा. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातलं ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडं आणखी अशक्त होऊ शकतात, त्यामुळे त्याची आणि रक्तातल्या सोडियमची तपासणी करत राहावी लागते. एका विशिष्ट जनुकामुळे काही आशियाई लोकांना, भारतीयांनाही, या गोळीने त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. ती रक्ताच्या चाचणीने आधी ओळखता येते. पुरळ किंवा तोंडात फोड आले तर लगेच डॉक्टर गाठायचा. एरवी ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही.

गोळ्यांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया. रक्तवाहिनी नसेपासून दूर करायची, तर कवटीला छोटं भोक पाडावं लागतं आणि डोकं टोकदार खिळ्यांनी पक्कं धरावं लागतं. पातळ कवटीत हेच धोक्याचं. गालातून सुई घालून नस बधिर करणं, किंवा गॅमा नाइफने किरणांचा मारा करणं, हे पर्याय त्यामुळे आधी तपासले जातात. गॅमा नाइफमध्येही डोक्याला चौकट स्क्रूने बसवतात. काही यंत्रांत त्याऐवजी मुखवटा चालतो. भूल देताना मान किती वाकवायची, हाही प्रश्न असतोच.

कवटीचा तळच दबला असेल तर नसेवरच्या उपचाराने मूळ दुखणं जात नाही. कवटी आणि मान जोडून स्थिर करावी लागू शकते. याबाबत महाराष्ट्राकडे अनुभव आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये मानेचे वरचे दोन मणके पट्टी आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड कमी असते, हे मात्र खरं.

कोल्हापूरकरांसाठी पहिला दरवाजा सीपीआर. पुढे मुंबईला जावं लागलं तर केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खालचं उत्कृष्टता केंद्र आहे आणि या धोरणाच्या यादीत ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाचा समावेश आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी जुने एक्स-रे, बिस्फॉस्फोनेटच्या तारखा आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये घ्यावी. दाताच्या डॉक्टरकडे जातानाही तीच फाइल सोबत असावी.