व्यायाम, रजोनिवृत्ती आणि वसईची दमट हवा

रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन घटतं आणि शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस हळवा होतो. तापमान जरासं वाढलं तरी त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा-मान तापते, घामाच्या धारा लागतात. तेवढी उष्णता भरभर चालण्यानंही तयार होते. त्यात वसईतल्या माणिकपूरची हवा मे आणि ऑक्टोबरमध्ये मुळातच दमट. शरीर गार होतं ते घाम येण्यानं नव्हे, तो वाळण्यानं. इथे तो नुसता ठिबकत राहतो. म्हणून ‘जास्त घाम, कमी चरबी’ हा समज आणि त्यापायी जाड जॅकेट घालून चालणं, दोन्ही सोडायला हवं. घामातून जातं ते पाणी.

मग व्यायामच नको, असं अनेकजणी ठरवतात. हे पटण्यासारखं नाही. स्वीडनमधल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचे अशा उष्णतेचे मध्यम ते तीव्र झटके सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. चाचणी लहान होती, देशही थंड, हे खरं; पण वजनं घरात पंख्याखाली उचलता येतात, आणि या वयात ठिसूळ होऊ लागणाऱ्या हाडांनाही त्यांची गरज असते. चालायचंच तर ऊन चढायच्या आत, सैल सुती कपड्यांत, सोबत पाण्याची बाटली आणि मानेवर, हातांवर फिरवायला ओला रुमाल. चक्कर आली, मळमळलं किंवा छातीत दुखू लागलं, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावं.