शिष्यवृत्तीचा अभ्यास आणि शरीराचे वेळापत्रक

आठवीचे वर्ष घरात फारसे कुणाच्या खिजगणतीत नसते. दहावी अजून दूर असते, शाळा बहुधा गावातच असते आणि पुस्तके मोफत मिळतात. पण शिक्षण हक्क कायद्याचे छत्र याच इयत्तेपर्यंत आहे. नववीपासून वह्या-पुस्तके, गणवेश, जाण्या-येण्याचा खर्च घरावर पडतो आणि ‘पुढे शिकवायचे की नाही’ हा प्रश्न उभा राहतो. मुलगी असेल तर तो जरा आधीच उभा राहतो.

नेमक्या याच वळणावर केंद्र सरकारने २००८ मध्ये एक शिष्यवृत्ती सुरू केली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांसाठीची ही परीक्षा शाळाशाळांत ‘एनएमएमएस’ या नावाने ओळखली जाते. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांत महाराष्ट्राचा वाटा ११,६८२ इतका आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. ज्या घराचे उत्पन्न मजुरीवर किंवा दोन-तीन एकरांवर चालते, तिथे ही रक्कम शाळा सुटण्याचा निर्णय फिरवू शकते.

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. पावसाळ्यात मिरचीची तोडणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, मक्याची काढणी, मग रब्बीची पेरणी असा इथला क्रम. शिष्यवृत्तीची परीक्षा बहुतेक वेळा डिसेंबरात येते. म्हणजे अभ्यासाचा हंगाम आणि शेतीचा हंगाम एकच. तेरा वर्षांच्या मुलामुलींचे हात या काळात घरालाही हवे असतात. त्यामुळे तयारी कशी करायची, या प्रश्नाचे उत्तर शहरातल्या शिकवणीच्या वेळापत्रकावरून देऊन चालत नाही. ते मेंदू आणि शरीर कसे चालते, यावरून द्यावे लागते.

एका मिनिटात एक प्रश्न

परीक्षेत दोन पेपर असतात. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीतही ९० प्रश्न. प्रत्येकाला ९० मिनिटे. शालेय चाचणीत विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

बौद्धिक चाचणीची पालकांना विनाकारण धास्ती वाटते. अंकमालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, वेगळे पद ओळखणे असे हे प्रश्न ‘जन्मजात हुशारी’ मोजतात, असा समज आहे. प्रत्यक्षात माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी चार-पाच गोष्टीच मावतात. प्रश्नाचा प्रकार अनोळखी असेल, तर ती सगळी जागा ‘इथे विचारलंय काय’ हे समजून घेण्यातच भरते. तोच प्रकार वीसदा सोडवलेला असेल, तर ही जागा मोकळी राहते आणि उत्तर शोधायला वापरता येते. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवण्याला पर्याय नाही.

वाचण्यापेक्षा आठवणे

पाठांतर म्हणजे धडा पुन्हा पुन्हा वाचणे, ही सवय खोलवर रुजलेली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये याची साधी परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना उताऱ्यातील ४२ टक्के आठवत होते, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

कारण असे की, आठवण्याची धडपड हीच स्मृती पक्की करते. वाचताना अक्षरे ओळखीची वाटतात आणि ‘येतंय’ असा भास होतो. पुस्तक मिटल्यावर काय उरते, तेच खरे. शिवाय एकच धडा सलग तीन तास करण्यापेक्षा आज, तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी थोडा थोडा केला, तर तो जास्त टिकतो.

गावाकडच्या मुलांसाठी यातली सोयीची बाब ही की, आठवायला हात मोकळे असावे लागत नाहीत. कापूस वेचताना दोघी बहिणी एकमेकींना प्रश्न विचारू शकतात. शाळेच्या वाटेवर ‘विद्युतधारेचे एकक कोणते’ असा सवाल-जवाब होऊ शकतो. आई-वडिलांना उत्तर माहीत नसले, तरी ‘आज काय शिकलीस ते सांग’ एवढे विचारता येते. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक उघडायला वेळ मिळाला नाही, तरी हे सुरू ठेवता येते.

झोप हाही अभ्यासाचाच तास

परीक्षा जवळ आली की पहिली कात्री झोपेला लागते. दिवसभरात शिकलेले आधी मेंदूच्या आतल्या ‘हिप्पोकॅम्पस’ नावाच्या भागात साठते आणि गाढ झोपेत तिथून हळूहळू कायमच्या स्मृतीत रुजते. झोप तोडली की हे काम अर्धवट राहते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. आठवीतला मुलगा रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला उठत असेल, तर तो अभ्यास वाढवत नसतो, केलेला अभ्यास पुसत असतो.

शेतीची वीज रात्रपाळीत आली की मोटार चालू करायला मोठ्यांबरोबर मुलगाही उठतो. ते पूर्ण टाळता आले नाही, तरी परीक्षेआधीच्या महिन्यात ही पाळी त्याच्यावर येऊ देऊ नये. आणि मोबाइल अंथरुणात नको. पडद्याचा उजेड आणि चालू राहणारी चित्रफीत, दोन्ही झोपेला मागे ढकलतात.

‘मठ्ठ’ म्हणण्याआधी रक्त तपासा

वर्गात पेंगणारी, शिकवलेले लक्षात न राहणारी, जिना चढताना धापा टाकणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. बारा ते चौदा वयात १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी आढळली. पाळी सुरू झाल्यावर मुलींचे लोह दर महिन्याला जाते आणि वाढीच्या वयात गरज तर वाढलेली असते.

लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. मेंदूतील संदेशवाहक रसायने आणि मज्जातंतूंवरचे आवरण तयार व्हायलाही ते लागते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तक्षय नसलेल्या पण लोहाचा साठा कमी असलेल्या शाळकरी मुलींना आठ आठवडे लोह दिले गेले. शब्द शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्या इतर मुलींपेक्षा सरस ठरल्या.

याहून जवळचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. इथल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वयाच्या काही मुलामुलींना सहा महिने जादा लोह असलेल्या बाजरीचे पदार्थ दिले, काहींना नेहमीच्या बाजरीचे. जादा लोहाची बाजरी खाणाऱ्यांची लक्ष देण्याची आणि स्मरणाची चाचणी अधिक सुधारली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यातली बाजरी ‘धनशक्ती’ या वाणाची होती. भाकरी तीच, फक्त दाण्यातले लोह जास्त.

भाकरीसोबत पालेभाजी, मटकी किंवा हरभरा आणि वर लिंबू पिळलेले असले की लोह चांगले शोषले जाते, कारण क जीवनसत्त्व त्याला मदत करते. पेरू, आवळा आणि जालन्याची मोसंबीही हेच काम करतात. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र हे लोह अडवतो. तो तास-दीड तासाने घ्यावा.

शाळेत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. मळमळ होते किंवा शौच काळी होते म्हणून मुले ती फेकून देतात. शौच काळी होणे निर्धोक आहे, आणि जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही चुकवू नये. हिमोग्लोबिन कमी निघाले, तर मात्र साप्ताहिक गोळी पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची गोळी घ्यावी लागते. हिमोग्लोबिन महिनाभरात वर येऊ लागते. साठा भरायला आणखी दोन-तीन महिने जातात. डिसेंबरच्या परीक्षेसाठी ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी. नोव्हेंबरात टॉनिकची बाटली आणून ते साधत नाही.

डोळ्यांचेही तसेच. फळ्यावरचे न दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. डोळे बारीक करून बघणे, शेजारच्या वहीतून उतरवून घेणे, संध्याकाळी डोके दुखणे या खुणा दिसल्या की तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा ही तपासणी मोफत होते.

परीक्षेच्या दिवशी

केंद्र बहुधा दुसऱ्या गावी असते. उपाशीपोटी एसटी गाठू नये. नेहमीचेच खाणे खावे, नवा पदार्थ त्या दिवशी नको. दोन पेपरांच्या मध्ये हलका डबा आणि पाणी असावे. मुलींनी तारीख जवळ नसली तरी पॅड सोबत ठेवावे. छातीत धडधडणे, हात गार पडणे हे शरीर सज्ज झाल्याचे लक्षण आहे. चार-पाच वेळा श्वास सावकाश सोडला की ते ओसरते.

राज्यात दोन लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देतात आणि निवड साडेअकरा हजारांच्या आसपास मुलांची होते. बहुसंख्य मुलांचे नाव यादीत येणार नाही, हे घरात आधीच माहीत असावे. मराठा-कुणबी समाजातील जी मुले उत्तीर्ण होतात पण निवड यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी ‘सारथी’ची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, त्याची चौकशी शाळेत करावी. निवड झालेल्यांनाही दहावीत ६० टक्के गुण मिळवल्याशिवाय पुढची रक्कम मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे.

निकाल काहीही लागो, या तयारीत लागलेला चष्मा, वाढलेले हिमोग्लोबिन आणि न बघता आठवण्याची सवय मुलांजवळच राहते. नववीत आणि दहावीत ती रोज उपयोगी पडते. आठवीत मूल असलेल्या पालकांनी या आठवड्यात शाळेत दोनच गोष्टी विचाराव्यात: आरोग्य पथक कधी येणार आहे, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा आहे.