मोटारसायकलची हमी आणि लिटरभर ऑइल

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण. पण तेथे रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जिल्ह्याच्या उत्तर भागातून निघून जातो. घाटावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे तालुके एस.टी.च्या आणि रस्त्यांच्या भरवशावर राहतात. एस.टी.च्या वेळा आणि शाळेच्या वेळा जुळतातच असे नाही. म्हणून शिक्षकाने मोटारसायकल घेतली. तलाठ्याने, ग्रामसेवकाने, बँकेतील कारकुनानेही घेतली. समृद्धी महामार्ग २०२२ पासून याच जिल्ह्यातून धावतो खरा, परंतु त्यावर दुचाकीला मज्जाव आहे! तात्पर्य, येथे मोटारसायकल ही चैन नसून नोकरी टिकविण्याचे साधन आहे, आणि तेही बहुधा हप्त्यांवर घेतलेले. इंजिन जाम झाले म्हणजे वाहन बंद आणि हप्ते मात्र चालू, अशी अवस्था होते.

राजदूत आणि येझदीच्या काळी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. त्या टू-स्ट्रोक गाड्यांचे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून टाकीत ओतले जाई आणि पेट्रोलबरोबरच जळून जाई. धूर होई, पण इंजिनाच्या ऑइलचा हिशेब पंपावरच मिटे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसतशी फोर-स्ट्रोक गाडी सर्वत्र झाली. तिच्या पोटात जेमतेम लिटरभर ऑइल असते. तेवढ्यावर पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांचा संसार चालतो. मोटारीच्या इंजिनात क्लच वेगळा, कोरडा असतो; मोटारसायकलचा बहुधा ऑइलमध्येच बुडालेला. त्यामुळे मोटारीचे उत्तम आणि महागडे ऑइल दुचाकीत ओतले, तर घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तिचा क्लच घसरू लागण्याचा संभव असतो. डब्यावर जपानी मानकातील ‘एमए’ ही अक्षरे असतात ती याचसाठी. किती जण ती पाहून ऑइल घेतात?

ऑइल काळे पडले म्हणजे बिघडले, ही समजूतही चुकीची आहे. काजळी स्वतःमध्ये धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. चिंता करावी ती ऑइल दुधाळ दिसल्यास, कारण त्यात पाणी शिरलेले असते. पेट्रोलचा वास आल्यास. बोटांना धातूचा कीस लागल्यास. किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर येऊन पातळी उतरत गेल्यास. कपाशीच्या काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर धुळीने भरतो, धूळ आत जाते, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि ऑइल जळू लागते. दोष रिंगेचा की धुळीचा, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. हमीचा सारा वाद नेमका येथे सुरू होतो.

समजा, संग्रामपूर तालुक्यातील एका शिक्षकाच्या गाडीचे इंजिन दीड वर्षात गेले. हमीपत्र काही वर्षांचे आहे. पण त्यात अट अशी की, प्रत्येक सर्व्हिसिंग ठरलेल्या मुदतीत आणि अधिकृत केंद्रातच झालेले असले पाहिजे. परीक्षेच्या दिवसांत रजा मिळाली नाही, म्हणून एकदा त्यांनी गावातल्या मिस्त्रीकडून ऑइल बदलून घेतले. केंद्राचे उत्तर ठरलेले: ऑइल बाहेरचे, हमी रद्द. ते ऑइल योग्य प्रतीचे होते की नाही, आणि इंजिन त्यामुळेच गेले की नाही, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. ‘मोफत’ सर्व्हिसिंगमध्ये मजुरी तेवढी मोफत असते. ऑइलचे पैसे आणि जाण्यायेण्याचा दिवस ग्राहकाचाच. शहरातल्या ग्राहकाला हीच अट कोपऱ्यावरच्या दुकानाएवढी सोपी, खेड्यातल्याला ती एका दिवसाची रजा. कागदावर समान असलेली अट खेड्यावर अशी जास्तीची पट्टी बसवते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. हजारो किलोमीटर ऑइलकडे न पाहता गाडी पिटाळणारे आणि मग नवे इंजिन मागणारे ग्राहकही असतात. बनावट ऑइल नामांकित डब्यांतून विकले जाते, हेही खरे. परंतु म्हणूनच कारण तपासले पाहिजे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले होते: मालाचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, आणि त्यामुळे बाजारच बिघडतो. ही दरी भरून काढणारी एक व्यवस्था म्हणून त्याने हमीचा निर्देश केला होता. येथे मात्र हमीनेच ती दरी रुंदावली आहे. कारण इंजिन उघडणारा, ऑइल काढणारा आणि निदान करणारा एकच, आणि निदान चुकले असे ठरल्यास खर्च सोसणारी कंपनी त्याची पोशिंदी.

कायदा ग्राहकाच्या विरुद्ध नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे बुलढाण्यालाच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर मालाचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठविण्याचीही तरतूद आहे. पण नमुना उरलेला असेल तर! केंद्रात काढलेले ऑइल तत्काळ पिंपात जाते आणि तेथे शंभर गाड्यांच्या ऑइलमध्ये मिसळते. पुरावा नाहीसा होतो आणि जॉब कार्डावर ‘ऑइलअभावी इंजिन निकामी’ एवढे शब्द उरतात. शिवाय अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून हवी असेल, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. दुरुस्तीच्या रकमेसाठी एवढी यातायात कोण करणार?

२०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावताना एक महत्त्वाचे सूत्र घालून दिले: बाहेरच्या कारागिराकडे गेला एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, त्याच्या सदोष कामामुळे झाले असेल तेवढ्याच नुकसानीपुरती ती नाकारावी. कंपन्या अपिलात गेल्या. प्रकरण मोटारींचे होते, दुचाकींचे नव्हे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने असे ठरविले की, विशिष्ट छापाचे ऑइल वा विशिष्ट केंद्राचीच सेवा ही हमीची अट करायची असेल, तर ती ग्राहकाला फुकट पुरवावी लागेल. आपल्याकडे दुचाकीच्या हमीपत्रासाठी इतका स्पष्ट नियम करण्यास हरकत कोणती? त्यालाच जोडून असेही बंधन हवे की, हमी नाकारणाऱ्या केंद्राने कारण लेखी द्यावे आणि काढलेल्या ऑइलची एक बाटली दोघांच्या सहीने मोहोरबंद करून ठेवावी. तिला खर्च दहा-वीस रुपये.

तोवर ग्राहकाने बाहेरून ऑइल घेतल्यास त्याचे बिल आणि डबा जपावा, पातळी पंधरवड्याला गाडी सरळ उभी करून पाहावी, आणि इंजिन उघडण्यापूर्वी जुने ऑइल आपल्यासमोर बाटलीत मागून घ्यावे. केंद्राने नकार दिला तर तो नकार जॉब कार्डावर लिहून मागावा.