जुनी सायकल घेताय? पैसे देण्याआधी पंधरा मिनिटं तपासणीला द्या

शाळा-कॉलेज सुरू झालं की पालकांपुढे पहिला प्रश्न असतो येण्या-जाण्याचा. उर्दू माध्यमाची प्राथमिक शाळा बहुतेक वेळा मोहल्ल्यातच असते. हायस्कूल आणि दहावीनंतरचं ज्युनिअर कॉलेज मात्र दोन-चार किलोमीटर लांब जातं. समजा, शेअर रिक्षाला एका वेळचे १५ रुपये लागतात. रोजचे ३०, महिन्यातल्या २४ दिवसांचे ७२०. दोन मुलं शिकत असतील तर १४४०. पॉवरलूमवर किंवा हातगाडीवर चालणाऱ्या घराला हा खर्च जड जातो आणि ओढाताण वाढली की शाळेतून पहिलं नाव कमी होतं ते मुलीचं. म्हणून सायकल ही चैन नाही, शिक्षण टिकवण्याचं साधन आहे.

जुनी घेण्याआधी एक चौकशी जरूर करा. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीतल्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना नव्या सायकलसाठी शासन ५००० रुपये देतं. आपला तालुका त्यात आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. तिथे बसत नसेल तर जुनी सायकल हा चांगला पर्याय आहे, फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायला हवी.

कोणती घ्यावी?

गिअर आणि शॉकअप असलेली सायकल मुलांना आवडते. पण जुन्या, स्वस्त शॉकअपमध्ये वजन जास्त आणि खुळखुळ फार. गिअर बिघडला तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे पार्ट मिळेलच असं नाही. सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर जायचं असेल तर बिनगिअरची साधी सायकल उत्तम.

मुलींसाठी मधला दांडा खाली असलेली लेडीज सायकल घ्या. तिला पूर्ण चेन कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. बुरखा किंवा ओढणी चेनमध्ये, आऱ्यांमध्ये अडकून मुली पडतात. ही जाळी नसेल तर आधी बसवून घ्या, मगच मुलीच्या हातात सायकल द्या.

उंचीबाबत "पुढे वाढेलच" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मूल वाढलं की सीट वर करता येते, दांडा खाली करता येत नाही.

काय तपासायचं?

१. फ्रेम. हँडलच्या खाली, जिथे दोन्ही दांडे जोडले जातात, तिथे बोट फिरवून पाहा. रंग सुरकुतलेला, तडा किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर गाडी समोरून ठोकलेली आहे. बाकी सगळं बदलता येतं, पण फ्रेम खराब असेल तर फुकटातही घेऊ नका. पुढचा चिमटा वाकडा नाही ना, हे बाजूने उभं राहून बघा.

२. चाकं. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. थोडा आउट असेल तर मिस्त्री आरे ओढून काढतो. रिमला खोक पडली असेल किंवा गंज आतपर्यंत गेला असेल तर रिमचा खर्च धरा. मग चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खट्ट वाजलं तर कोन ढिले आहेत किंवा छर्रे गेलेत.

३. चेन. शिंप्याचा टेप घ्या. एका पिनवर शून्य ठेवा आणि पुढच्या २४ पिना मोजा. दोन पिनांमध्ये अर्धा इंच असतो, म्हणजे चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग पुढे गेली असेल तर चेन संपली. अशा चेनने फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात, आणि घासलेल्या दातांवर नवी चेन घसरते. म्हणून दोन्हींचा खर्च धरा.

४. क्रँक. पायडलचा दांडा धरून आत-बाहेर हलवा. हलला तर मधला एक्सल किंवा छर्रे पाहावे लागतील.

५. ब्रेक आणि टायर. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. टायरच्या बाजूला चिरा असतील तर नक्षी चांगली दिसत असली तरी टायर फार दिवस चालणार नाही.

शेवटी स्वतः चालवून बघा. सरळ रस्त्यावर सायकल एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम पुन्हा तपासा.

भाव कसा करायचा?

ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या आणि दुरुस्तीची बेरीज आधी करा. समजा, मालक १५०० सांगतो आणि टायर, चेन, फ्रीव्हीलला ९०० लागणार असतील, तर ती सायकल तुम्हाला २४०० ला पडते. १८०० ला मिळणारी चालती सायकल तिच्यापेक्षा स्वस्त.

विकणाऱ्यानेही दोष सांगावा. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा समोर आणतात आणि व्यापाऱ्याला जाब विचारतात, तो प्रसंग आपल्याला माहीत आहे. लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला शरीअत देते, त्याला खियारे-ऐब म्हणतात. व्यवहार ठरतानाच "दोन दिवसांत काही निघालं तर परत घ्याल ना?" असं मोकळेपणाने विचारा.

चोरीचा माल नको

फ्रेम नंबर बहुधा सीटखालच्या दांड्यावर किंवा पायडलजवळ खालच्या बाजूला कोरलेला असतो. तो घासून काढलेला असेल, किंवा भाव फारच कमी असेल आणि विकणारा घाई करत असेल, तर हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि दीनमध्ये तर तो हरामच. साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फ्रेम नंबर, रक्कम आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या.

घेतल्यानंतर

मजबूत कुलूप, घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर लगेच लावा. संध्याकाळच्या ट्यूशनला किंवा ईशानंतर बाहेर पडणाऱ्यांना पुढे लाइटही हवी. आठवड्याला हवा, महिन्याला चेनला दोन थेंब तेल. पावसात लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो, हे मुलांना शिकवा. किराणा, दूध, दळण आणायला कॅरियर पुरतो, पण भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो. तो मुलांकडून आणवू नका.

आणि मूल बारावी झालं की सायकल गच्चीवर गंजू देऊ नका. दुरुस्त करून मोहल्ल्यातल्या आठवीच्या एखाद्या मुलीला द्या. तिची पाच वर्षं त्यावर निघू शकतात.