उभयोपयोगी मोटारसायकल

पक्क्या रस्त्यावर चालविण्यास कायद्याने मान्य असलेली आणि कच्ची सडक, पायवाट, चिखल, वाळू व दगडगोटे यांवरूनही नेता येईल अशा बेताने बनविलेली मोटारसायकल. व्यवहारात ती ‘ड्युअल स्पोर्ट’ या नावाने ओळखली जाते. केवळ रानवाटांवरील शर्यतीसाठी बनविलेल्या मोटारसायकलीला आरसे, भोंगा, दिशादर्शक दिवे इ. साधने नसतात व तिची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. उलट केवळ रस्त्यासाठी बनविलेली मोटारसायकल खडबडीत जमिनीवर फार काळ टिकत नाही. उभयोपयोगी मोटारसायकल ही या दोहोंमधील तडजोड होय. तिचे वजन, उंची, चाके, टायर व दंतचक्रे यांपैकी प्रत्येक बाब रस्ता आणि रान यांच्या परस्परविरोधी गरजांमध्ये कोठेतरी ठरविलेली असते. ती कोठे ठरविली आहे व तिच्यामुळे कोणती गैरसोय पत्करावी लागते, हे समजून घेणे हाच अशा वाहनाची निवड, निगा व स्वारी यांचा पाया आहे.

इतिहास : विसाव्या शतकाच्या प्रारंभी बहुतेक देशांतील रस्ते कच्चेच असल्यामुळे असा वेगळा वर्ग मानण्याचे कारण नव्हते. रस्ते सुधारत गेले तशा मोटारसायकली वेगवान, जड व जमिनीलगतच्या होऊ लागल्या. रानवाटांची आवड असणारे स्वार रस्त्याच्याच मोटारसायकलीची निष्कास नळी वर उचलून व रुंद हँडल बसवून काम भागवीत. कारखानदारांनीही ‘स्क्रँबलर’ या नावाने असे नमुने विकले. होंडा कंपनीचा १९६२ चा सीएल ७२ हा नमुना या प्रकारचा होता. परंतु मूळचे वजन व तोकडी निलंबन यंत्रणा यांमुळे त्यांची कुवत मर्यादित राहिली. यामाहा कंपनीने १९६८ मध्ये अमेरिकेत आणलेली डीटी-१ ही मोटारसायकल मुळापासूनच दोन्ही उपयोगांसाठी आखलेली होती. दोन धावांचे, २४६ घ. सेंमी. क्षमतेचे तिचे एंजिन हलके व साधे होते. तिच्या यशामुळे इतर जपानी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. होंडा कंपनीने १९७२ मध्ये चार धावांचे, चार झडपांचे एंजिन असलेली एक्सएल २५० बाजारात आणली. अमेरिकेत १९७८ पासून मोटारसायकलींच्या उत्सर्जनावर मर्यादा आल्यानंतर रस्त्यावरील वाहनांत चार धावांच्या एंजिनाचेच वर्चस्व राहिले.

या वाहनांच्या टिकाऊपणाची प्रसिद्धी पॅरिस ते डाकार या शर्यतीमुळे झाली. डिसेंबर १९७८ मध्ये सुरू होऊन जानेवारी १९७९ मध्ये संपलेली ही पहिली शर्यत फ्रेंच स्वार सिरिल नव्ह यांनी यामाहा एक्सटी ५०० या एका सिलिंडरच्या मोटारसायकलीवर जिंकली. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या आर ८० जी/एस या दोन सिलिंडरच्या नमुन्यापासून लांब पल्ल्याच्या, अधिक जड अशा ‘ॲडव्हेंचर’ मोटारसायकलींची शाखा वाढीस लागली. हलक्या, एका सिलिंडरच्या वाहनांचा प्रवाह मात्र वेगळा राहिला व त्यात बदल सावकाश झाले. उदा., कावासाकी कंपनीची १९८७ ची केएलआर ६५० ही मोटारसायकल २०१८ पर्यंत कार्ब्युरेटरवरच चालत राहिली. २०२१ मध्ये ती पुन्हा बाजारात आली तेव्हा तिच्यात इंधन अंतःक्षेपणाची योजना करण्यात आली. वस्तीपासून दूर हाती असलेल्या हत्यारांनी दुरुस्त करता येणे हा गुण ग्राहकांना नावीन्यापेक्षा महत्त्वाचा वाटला, हे या संथपणाचे एक कारण होय.

रचना : सांगाडा बहुधा पोलादी नळ्यांचा असतो, तो तुटल्यास साध्या कार्यशाळेतही सांधता येतो. एंजिनाचा तळ व जमीन यांतील अंतर रस्त्यावरील मोटारसायकलीत सु. १५ ते १७ सेंमी., तर हिच्यात सु. २२ ते ३० सेंमी. असते. चाकांना वर-खाली हलू देणाऱ्या स्प्रिंगा व धक्काशोषक यांच्या जोडणीला निलंबन यंत्रणा म्हणतात. तिची चाल रस्त्यावरील मोटारसायकलीत १० ते १३ सेंमी. एवढी, तर हिच्यात १७ ते ३० सेंमी. असते. परिणामी बैठक जमिनीपासून ८० ते ९५ सेंमी. उंच जाते. हा दोष नसून लांब चालीची ती अपरिहार्य किंमत आहे.

पुढील चाक बहुधा २१ इंच व्यासाचे, तर मागील १७ किंवा १८ इंचांचे असते. मोठे चाक खड्ड्यात कमी रुतते व दगडावरून सहज चढते. रस्त्यावर मात्र वळताना ते किंचित मंद वाटते. चाके ओतीव न ठेवता तारेच्या आऱ्यांची, म्हणजे स्पोकची, केलेली असतात. जोराचा धक्का बसल्यास ओतीव चाकाला चीर जाण्याचा संभव असतो. स्पोकचे चाक वाकते, पण ते पुन्हा सरळ करता येते. एंजिन बहुधा एका सिलिंडरचे व २०० ते ६५० घ. सेंमी. क्षमतेचे असते. कमाल वेगापेक्षा कमी फेऱ्यांवरील ओढीला त्यात प्राधान्य दिलेले असते. टायरवरील ठोकळे मोठे व विरळ असले की ते मऊ मातीत रुतून पकड घेतात. पण डांबरावर तेच ठोकळे टेकण्याचे क्षेत्र कमी करतात, लवकर झिजतात व ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढवितात.

निवड : खरेदी करणाऱ्याने आपला प्रवास किती पक्क्या व किती कच्च्या वाटेने होणार आहे, हे प्रथम ठरवावे लागते. महामार्गावर तासन् तास जाणाऱ्यास हलकी, अरुंद बैठकीची व लहान टाकीची मोटारसायकल थकविते; तर अवजड मोटारसायकल चिखलात पडल्यास एकट्याने उचलता येत नाही. म्हणून रानात एकट्याने फिरणाऱ्याच्या दृष्टीने अश्वशक्तीपेक्षा वजन ही अधिक निर्णायक बाब आहे. स्प्रिंगा स्वाराच्या वजनाला साजेशा असाव्या लागतात. स्वार साहित्यासह बसल्यावर मागील निलंबनाची चाल साधारणतः एक तृतीयांश दबावी, असा संकेत आहे. ती फार दबत असल्यास खड्ड्यात एंजिनाचा तळ आपटतो. पुढील दंतचक्र एका दाताने लहान केल्यास अवघड चढावर सावकाश जाणे सोपे होते. मात्र रस्त्यावर त्याच वेगाला एंजिनाच्या फेऱ्या वाढतात.

निगा : रस्त्यावरील मोटारसायकलीची देखभाल किलोमीटरांच्या हिशेबाने केली तरी चालते, उभयोपयोगी मोटारसायकलीची देखभाल ती कोठून जाऊन आली यावर ठरवावी लागते. धुळीच्या वाटेवरील एका दिवसाने रस्त्यावरील कित्येक आठवड्यांएवढी घाण जमू शकते.

(१) हवा गाळणी : धुळीतील वाळूचे कण अतिशय कठीण असतात. गाळणीतून ते निसटल्यास दट्ट्याच्या कड्या व सिलिंडरची भिंत घासली जाते, एंजिन तेल जाळू लागते व अखेरीस उघडावे लागते. स्पंजाची गाळणी वारंवार धुऊन, पूर्ण वाळवून व खास तेलात भिजवून बसवितात. ती पेट्रोलने धुतल्यास आगीचा धोका असतो व तिचे चिकटविलेले सांधेही सुटतात. कागदी गाळणीला तेल लावू नये. ती बदलावी लागते. गाळणीची कड नीट न बसल्यास स्वच्छ गाळणीचाही उपयोग होत नाही.

(२) वंगण तेल : बहुतेक नमुन्यांत एकच तेल एंजिन, गिअर व तेलात बुडालेला क्लच या तिघांना पुरवावे लागते आणि ते सु. १ ते २ लि. एवढेच असते. मंद वेगात, तापलेल्या एंजिनात ते लवकर निकस होते. मोटारगाडीसाठी असलेल्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलींसाठीच्या ‘जासो एमए’ या जपानी मानकाचे तेल वापरतात.

(३) साखळी : मागील चाक धरणारी भुजा वर-खाली होताना दोन दंतचक्रांतील अंतर बदलते. पुढील दंतचक्राचा मध्य, भुजेचा कणा व मागील चाकाचा आस ही एका रेषेत आली की हे अंतर सर्वाधिक होते. त्या स्थितीतही साखळीत थोडा ढिलेपणा उरला पाहिजे. निलंबनाची चाल लांब असल्यामुळे ही साखळी रस्त्यावरील मोटारसायकलीच्या साखळीपेक्षा सैल ठेवावी लागते. ढिलेपणाचे माप निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती घट्ट ओढल्यास गिअरपेटीतील दंड व त्याचे बेअरिंग यांवर घातक ताण पडतो. रबरी कड्यांच्या साखळीला पेट्रोल लावू नये.

(४) चाके व टायर : नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही शे किलोमीटरांत सैल होतात. पान्याने हलकेच ठोकल्यास ताणलेला स्पोक खणखणीत, तर सैल झालेला बद्द वाजतो. रस्त्यावर टायरमध्ये दर चौ. इंचास सु. २५ ते ३२ पौंड दाब ठेवतात. कच्च्या वाटेवर तो १५ ते २० पौंडांपर्यंत उतरविल्यास टायर पसरून पकड वाढते. मात्र दगडावर आदळून ट्यूब चिमटली जाण्याचा, तसेच टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटला जाण्याचा धोका वाढतो. म्हणून वेग कमी ठेवावा लागतो आणि पक्क्या रस्त्यावर परतताच पुन्हा हवा भरावी लागते. हवेचा पंप, ट्यूब व टायर काढण्याच्या पट्ट्या सोबत असणे आवश्यक असते.

(५) पाणी : ओढा ओलांडताना पाणी गाळणीतून सिलिंडरमध्ये शिरून एंजिन बंद पडल्यास ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पाणी दाबले जात नसल्यामुळे दट्ट्याला जोडलेला दांडा वाकू शकतो. प्रथम स्पार्क प्लग काढून एंजिन फिरवितात व पाणी बाहेर टाकतात. तेल दुधाळ दिसल्यास ते बदलावे लागते.

स्वारी : खडबडीत वाटेवर स्वार फूटरेस्टवर उभा राहतो. त्यामुळे धक्के पाठीच्या कण्याऐवजी गुडघ्यांत जिरतात व मोटारसायकल स्वाराखाली मोकळेपणाने हलू शकते. हात सैल ठेवून टाकी गुडघ्यांनी धरावी लागते. पक्क्या रस्त्यावर वळताना स्वार व वाहन एकत्र झुकतात. सैल मातीवर मात्र वाहन आत झुकवून शरीर सरळ ठेवतात व बाहेरील फूटरेस्टवर भार देतात. रस्त्यावर थांबण्याचे बहुतेक काम पुढील ब्रेक करतो. तोच ब्रेक मातीवर जोराने दाबल्यास पुढील चाक जखडून स्वार पडतो. भारतात १२५ घ. सेंमी. पेक्षा मोठ्या मोटारसायकलींना चाक जखडू न देणारी ‘एबीएस’ ही यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आवश्यक आहे. तीव्र मुरमाड उतारावर मागील चाक थोडे घसरू देणे सोयीचे असल्यामुळे काही नमुन्यांत मागील चाकापुरती ही यंत्रणा तात्पुरती बंद करता येते. रस्त्यावर ती चालूच ठेवावी लागते. उतारावर खालचा गिअर ठेवून एंजिनाचा रोध वापरतात. वाळूत भार मागे घेऊन वेग एकसारखा राखतात. शिरस्त्राण, हातमोजे, गुडघ्यांचे संरक्षक व घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट मंद वेगातही आवश्यक असतात, कारण पडलेल्या वाहनाखाली पाय सापडणे ही या स्वारीतील नेहमीची दुखापत आहे.

भारतातील स्थिती : भारतात या वर्गातील पहिला उल्लेखनीय नमुना म्हणजे हीरो कंपनीची १५० घ. सेंमी. गटातील इम्पल्स (२०११) ही मोटारसायकल होय. तिला मर्यादित प्रतिसाद मिळाला. त्यानंतर रॉयल एन्फील्ड कंपनीची ४११ घ. सेंमी. ची हिमालयन (२०१६) व हीरो कंपनीची २०० घ. सेंमी. गटातील एक्सपल्स (२०१९) या मोटारसायकलींमुळे असे वाहन अनेकांच्या आवाक्यात आले. महाराष्ट्रात चाकण येथील बजाज कंपनीच्या कारखान्यात केटीएम या ऑस्ट्रियन नाममुद्रेच्या ३९० ॲडव्हेंचर (२०२०) या नमुन्याचे उत्पादन सुरू झाले. २०१५ मध्ये सी. एस. संतोष हे डाकार शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय मोटारसायकलस्वार ठरले.

भारतीय परिस्थितीत दोन टोकाच्या कसोट्या लागतात. लडाखमधील सु. ५,३५० मी. उंचीच्या खार्दुंग ला या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या एंजिनात तेथे मिश्रणात इंधनाचे प्रमाण जादा होते. इंधन अंतःक्षेपण हे प्रमाण सावरते, पण घटलेली शक्ती भरून काढू शकत नाही. सह्याद्रीत व कोकणात पावसाळ्यातील लाल चिखल आणि जांभ्या दगडावरील शेवाळ यांमुळे चांगले टायरही घसरतात. उन्हाळ्यात तीच वाट बारीक लाल धूळ उडविते व हवा गाळणीची परीक्षा पाहते.

कायदा व पर्यावरण : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे शिरस्त्राण सक्तीचे आहे, तर कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ नोंदलेल्या तपशीलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. वाहन कोठेही जाऊ शकते म्हणून ते कोठेही नेण्याचा अधिकार मिळत नाही. अभयारण्ये, राखीव वने व खाजगी शेते यांत परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. ठोकळ्यांच्या टायरने ओल्या उतारावर पडलेली चाकोरी पुढील पावसात पाण्याचा पाट बनते व तेथील माती वाहून जाते. साताऱ्याजवळील कास पठारासारख्या जांभ्या सड्यांवर मातीचा थर अत्यंत पातळ असून त्यावरच तेथील पावसाळी वनस्पती जगतात. तेथे एका वाहनाची फेरीही नुकसानकारक ठरते. म्हणून रुळलेल्या वाटेवरूनच जाणे, वाट फार ओली असताना ती टाळणे व गावाजवळ वेग आणि आवाज कमी ठेवणे हे नियम जबाबदार स्वार पाळतात.