थरथर कुठून येते

सकाळी ८ वाजता
कोल्हापूरच्या उद्यमनगरात शटर वर जायच्या आत जीप दारात येऊन उभी. महिंद्राची एमएम ५४०, पन्हाळ्याच्या बाजूची, उसाच्या कामात राबलेली. मालक खाली उतरले ते बोलतच. "मिस्त्री, पुढचा ॲक्सल बदलून आणला. डिस्कवाला बसवला, म्हटलं ब्रेक झकास लागतील. तर पन्नासच्या वर स्टेअरिंग हातात ऱ्हाईना. आणि ब्रेक पहिल्या दाबात खाली जातोय, दुसऱ्या दाबात लागतोय."

चाकांचं बॅलन्सिंग, नवे टाय रॉड एंड, नवे पॅड, एवढं करून झालं होतं. आता ते स्टेअरिंग डॅम्पर आणायला निघाले होते. म्हटलं, "दादा, डॅम्परचं संध्याकाळी बघू."

ॲक्सल हा सुटा भाग नव्हे. तो बदलला की पाटे, स्टेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकची लाइन यांची एकमेकांशी जुळलेली मापं मोडतात. नुसते नवे भाग घालत गेलं तर खिसा रिकामा होतो, मापं मात्र चुकलेलीच राहतात. म्हणून पान्याला हात लावायच्या आधी गाडी चालवून बघायची.

८:३०
महामार्गाला लागून गोकुळ शिरगावच्या दिशेने गेलो. चाळीसपर्यंत गाडी गुणी. पंचेचाळीसनंतर पायाखालच्या पत्र्यात बारीक गुणगुण, साठला तिची थरथर. गाडी न्यूट्रलला टाकली तरी ती वेगाबरोबरच राहिली, म्हणजे इंजिन सुटलं. पुढे पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं आणि स्टेअरिंग डावं-उजवं झोडपायला लागलं. वेग पार उतरल्यावरच थांबलं. ब्रेक दाबला तर तिसराच प्रकार, दाबेपर्यंत स्टेअरिंगला धडधड.

मालकांच्या लेखी ही एकच तक्रार होती. मला त्यात तीन दिसल्या. पत्र्यातली थरथर बहुधा शाफ्टची. खड्ड्यानंतर सुरू होणारं वॉबलिंग चाकाच्या कोनाचं किंवा ढिलाईचं. ब्रेकबरोबर येणारी धडधड डिस्क आणि हबची. या तिन्हींची गल्लत झाली की माणूस महिनोन् महिने बॅलन्सिंगच करत बसतो.

१०
गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. चाक वर-खाली धरून हलवलं तर डावीकडे प्ले. हा प्ले हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? पोराला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. प्ले नाहीसा झाला. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल एकमेकांना जखडतात, म्हणून बेअरिंगचा प्ले दिसत नाही. किंगपिनचा असता तर तसाच राहिला असता. दमडीही न लागणारी ही परीक्षा मी प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो.

ब्रेकच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. हब ढिला असला की चालताना डिस्क डोलते आणि पॅडना मागे ढकलते. मग पहिला दाब पॅड जागेवर आणण्यातच जातो आणि ब्रेक लागतो तो दुसऱ्या दाबाला. हे कळलं नाही तर लोक मास्टर सिलिंडर बदलतात.

११
पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून बाजूला ठेवला आणि गाडी परत रस्त्यावर नेली. या जीपला फ्री-व्हीलिंग हब नाहीत, त्यामुळे फोर-व्हील टाकलेलं नसतानाही पुढचा शाफ्ट फिरतच असतो. तो काढल्याबरोबर पत्र्यातली थरथर पूर्ण गेली. वॉबलिंग होतं तसंच राहिलं. दोन दुखणी वेगळी झाली, तिथे माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

शाफ्ट उद्यमनगरातल्याच लेथवाल्याकडे नेला. नव्या ॲक्सलचा पिनियन वेगळ्या जागी आल्यामुळे कुणीतरी तो कापून, नळी जोडून लांब केला होता. वेल्डिंग सरळ होतं, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत नव्हते. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पुढचा भाग प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार खोडून काढतो, पण त्यासाठी दोन्ही योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. लेथवाल्याने टाका कापला, योक रेषेत आणले आणि शाफ्ट फिरवून बघूनच परत टाका मारला.

शाफ्ट नव्हताच, तेवढ्यात गिअरचं प्रमाणही मोजून घेतलं. एक चाक अडवायचं, दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिच्या फेऱ्या मोजायच्या. जुन्या जीपमध्ये ४३ ला ८ दात म्हणजे ५.३८, किंवा ३९ ला ८ म्हणजे ४.८८, अशी दोन्ही प्रमाणं सापडतात. पुढचं आणि मागचं वेगळं निघालं तर डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकताच गाडी आवळते आणि ट्रान्स्फर केसवर सगळा ताण येतो. इथे दोन्हीकडे ५.३८ होतं.

१२:३०
कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून ती हात सोडला तरी सरळ जाते. जीपच्या किंगपिनलाही तसाच कल लागतो, साधारण तीन अंश. अँगल मीटर लावला तर कल जेमतेम होता. कारणही समोरच दिसत होतं. शाफ्ट सरळ दिसावा म्हणून पाट्यांच्या बैठकी वेल्ड करताना पिनियनचं नाक वर उचललं होतं. पुढच्या ॲक्सलचा पिनियन मागे तोंड करून असतो. त्याचं नाक वर गेलं की किंगपिनचं डोकं पुढे येतं आणि कॅस्टर जातो. शिवाय पिनियन ट्रान्स्फर केसच्या शाफ्टला समांतर राहत नाही, म्हणजे थरथरीलाही खतपाणी.

पाटा आणि बैठक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पोलादी पाचर घातली. कॅस्टर आला आणि पिनियनही समांतर झाला. पाचर ॲल्युमिनियमची वापरू नये, ती दबते आणि यू-बोल्ट ढिले होतात. सेंटर बोल्टही लांब घेतला. मग टायरवर खडूची रेघ मारून टो-इन जुळवला, दोन-तीन मिलिमीटर.

१:३०
भाकरी खाताना मालकांना कागदपत्रांचं विचारलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. "आधी आरटीओत जाऊन विचारा," म्हटलं. अपघात झाला तर विम्याच्या वेळी आरटीओचा कागदच लागतो.

२
हब उघडला. बेअरिंग चांगली होती, नट फक्त नीट आवळलेला नव्हता. ग्रीस बदललं, प्ले काढला, लॉक वॉशर वाकवून घेतला. डिस्कला डायल गेज लावल्यावर सुई ०.३ मिलिमीटरच्या पुढे गेली. ०.१ च्या वर मी गाडी सोडत नाही. डिस्क काढली तर हबच्या तोंडावर गंजाची पापडी. तारेच्या ब्रशने धातू उघडा होईपर्यंत घासली, डिस्क बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले आणि सुई आवाक्यात आली. डिस्क लेथवर चढवावी लागली नाही, याचं मला फार बरं वाटलं. चांगला धातू उगाच कापू नये.

आता ब्रेकच्या तक्रारीचं उरलेलं अर्धं, पेडलचा स्पंजपणा. पोरगं खाली वाकून म्हणालं, "काका, निपल खाली हाय." डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. हवा वर चढते आणि निपल तळाला असला तर ती कॅलिपरमध्येच अडकते. दिवसभर पंप मारला तरी बाहेर येत नाही. कॅलिपर अदलाबदल केले, होजचा पीळही त्याबरोबर गेला.

आधीच्या कारागिराने एक काम मात्र जाणतेपणाने केलं होतं. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कला राहिला तर पॅड घासत राहतात. पुढच्या लाइनमधला त्याने काढला होता, मागच्या ड्रमचा ठेवला होता. नवं डॉट ४ ऑइल घातलं आणि लांबच्या चाकापासून एअर काढली: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

५
शाफ्ट परत चढवून पन्हाळ्याचा रस्ता धरला. साठला पत्रा शांत. मुद्दाम खड्ड्यातून चाक नेलं. स्टेअरिंगला एक झटका बसला आणि ते आपणहून सरळ झालं. मोकळ्या कच्च्या जागेत जोरात ब्रेक मारून मागची चाकं आधी जाम होत नाहीत ना, ते बघितलं. वर जाऊन घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक घेतला. पेडल पहिल्या दाबाला, त्याच उंचीवर. खाली थांबून चारही चाकांजवळ हात नेला. पुढची दोन्ही सारखी तापली होती. एकच तापलं असतं तर रात्र गॅरेजात गेली असती.

७
मालक स्वतः चालवून आले. दोनतीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आवळायला आणि हब बघायला यायचं, हे त्यांच्या डायरीत लिहून दिलं. नवी पाचर घातली की पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतातच.

"मग डॅम्परचं काय करू, मिस्त्री?"

"आता लावा," म्हटलं. "आता तो काही झाकणार नाही."