तिथीची पाऊणपट : अर्नाळ्याची दुसरी फेरी

आजचा भाग समुद्रावर आहे. वर्ध्याचा पोरगा समुद्रावर काय बोलणार, असं वाटत असेल तर बरोबरच आहे. माझ्या याच अडाणीपणातून हा भाग निघालाय.

मी पोहायला शिकलो पवनारला, धाम नदीत. आमच्याकडचं पाणी एकाच दिशेनं जातं. धाममधून वर्धा, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. गेलं की गेलं. त्यामुळे नोकरीसाठी विरारला आलो तेव्हा भरती-ओहोटी हा माझ्यासाठी भूगोलाच्या पेपरातला चार मार्कांचा प्रश्न होता.

विरारजवळच अर्नाळा आहे. किनाऱ्यासमोर, वैतरणा नदीच्या मुखाशी, एक छोटं बेट आहे. बेटावर किल्ला आणि कोळ्यांची वस्ती. 1737 मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. किनाऱ्यावरून होडीनं दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. पहिल्यांदा रूममेट्सबरोबर गेलो आणि त्या पट्ट्याच्या प्रेमातच पडलो. पण बुरुजावर फोटो काढत संध्याकाळचे साडेपाच वाजवले. परतलो तर अलीकडे पाणी पार आत गेलेलं. होडी लांबच थांबली आणि आम्ही बूट हातात घेऊन पोटरीभर चिखलातून किनारा गाठला. तो दिवस अमावस्येचा होता. याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

या हिवाळ्यात बाबांना घेऊन पुन्हा गेलो. बाबांनी साठ वर्षांत समुद्र पाहिला नव्हता आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे चिखल चालणार नव्हता. मी ॲपवर भरतीची वेळ पाहून, स्क्रीनशॉट काढूनच निघालो. तीन वाजून पाच मिनिटं.

होडीवाल्या काकांनी मात्र एकच विचारलं, "आज तिथी काय?"

मी मोबाईल काढेपर्यंत बाबा बोलले, "चतुर्थी हाय ना. घरी हिचा संकष्टीचा उपास हाय."

"मग तीनला भरती. आता चला, चारच्या आत परत आणतो."

मी स्क्रीनशॉटकडे बघतच राहिलो.

हिशेब असा आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तीननं गुणून चारनं भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी म्हणजे चार. चार त्रिक बारा, भागिले चार, उत्तर तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, दोन्हीकडे हेच चालतं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. ओहोटी दोन्हींच्या मधे, म्हणजे सहा तासांच्या थोडं पुढे.

हे चालतं कसं? भरती मुख्यतः चंद्रामुळे येते आणि चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो. तिथीसुद्धा चंद्र सूर्यापासून किती पुढे सरकला, हेच मोजते. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ 12 तास सरकते, म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं. आपले लोक 45 धरतात, कारण पाऊणपट तोंडी करता येते. पौर्णिमेपर्यंत ही चूक साचत पाऊण तासावर जाते. सूत्र सव्वाअकरा सांगतं, भरती येते बाराच्या आसपास. आमच्या भाषेत सांगायचं तर हे राउंडिंग आहे, आणि काका ते ओळखून वेळ हातात ठेवूनच होडी सोडतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हे सूत्र मुंबई-कोकण किनाऱ्याचं आहे, दुसऱ्या किनाऱ्यावर कॉपी-पेस्ट करू नका. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली बदलली की वेळ बदलते. दुसरं, सूत्र वेळ सांगतं, पाणी किती चढेल ते नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्य मिळून ओढतात, ते उधाण. मुंबईकडे तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा फरक कमी. म्हणून अमावस्येला आमच्या वाट्याला एवढा चिखल आला.

आणि पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून अर्धं पाणी येतं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले लोक अडकतात ते यामुळेच. पहिला तासभर काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि मग एकदम वाट बुडते. आपल्याकडून, म्हणजे समुद्र नसलेल्या जिल्ह्यांतून, सहलीला जाणाऱ्यांनी हे नक्की ध्यानात ठेवावं. किनाऱ्यावर उतरलात की आधी एखाद्या कोळीदादाला भरती-ओहोटीची वेळ विचारा. सेल्फी नंतर.

आम्ही पावणेचारला परतलो. बाबांच्या पँटची फक्त कड भिजली. होडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात समुद्र होताच की रे!"

आता घरी फोन केला की ते आधी तिथी सांगतात, मग भरतीची वेळ, मग कापसाचा भाव.

तुमच्या घरी आज तिथी काय आहे, विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!